सहकारी धंदा आणि लोकशाही कारभार

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

आज मी तुमच्यापुढे पोटापाण्याच्या प्रश्नावर बोलणार आहे. धर्मांतर केलेल्या कुटुंबाला पहिल्या वर्षी अनेक प्रश्न विचारले जातात. घरातील देव कोठे गेले, मुलीचे लग्न कोणत्या विधीने लावणार, मुलाच्या दाखल्यावर काय लिहिणार, असे विचारणारे पुष्कळ भेटतात. परंतु 'तुमची रोजी कोणाच्या हातात आहे?' हा प्रश्न कोणी विचारीत नाही. तो आपला आपणच विचारावयास हवा. ज्याची रोजी दुसऱ्याच्या हातात आहे त्याचे मस्तक फार काळ ताठ राहत नाही, मग त्याने कोणताही धर्म स्वीकारलेला असो.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याच मुलुखातील एका घटनेपासून सुरुवात करू. ही गोष्ट 1929 सालची. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. धुळ्याच्या वाटेवरील एका गावात सवर्णांनी आपल्या लोकांवर बहिष्कार घातला होता. त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परत आले. वस्तीवरील मंडळींनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. परंतु स्टेशनावरचा एकही टांगेवाला त्यांना बसवून नेण्यास तयार होईना. अखेर टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मात्र मिळाला नाही. तेव्हा आपल्यापैकीच एकाने लगाम हाती घेतला. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब खालच्या फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. घोडा आणि टांगा नदीत पडला. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

ही गोष्ट आपण अपमानाची म्हणून सांगतो, आणि ती तशी आहेच. परंतु तिच्यात धंद्याचाही एक धडा आहे, तिकडे आपले लक्ष जात नाही. टांगा परक्याचा होता. तो हाकण्याचे कसब परक्याचे होते. आपल्या माणसांपाशी भाड्याचे पैसे होते आणि बाबासाहेबांविषयी अपार प्रेम होते. पण प्रेमाने टांगा हाकता येत नाही. साधन आपले हवे आणि ते चालविण्याचे कसबही आपलेच हवे. यांपैकी एक जरी परक्याचे असले तरी प्रवास धोक्याचा होतो. आज मला जे सांगावयाचे आहे ते सारे या एका गोष्टीत आले आहे. पुढचा केवळ विस्तार आहे.

दि. 25 नोव्हेंबर 1949 रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी देशाला एक इशारा दिला होता. राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताचे मूल्य सारखे, पण सामाजिक व आर्थिक जीवनात मात्र विषमता, अशा विसंगत अवस्थेत आपण प्रवेश करीत आहोत. ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलारा कोसळेल, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. निवडणुकीच्या दिवशी आपण राजे असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमापुढे उभे राहतो. ही विसंगती जेथे प्रत्यक्ष मिटविता येते अशी एक जागा आहे. ती म्हणजे श्रमिकांनीच मालक असलेली सहकारी संस्था. खाजगी कंपनीत ज्याचे शेअर अधिक त्याची मते अधिक. सहकारी संस्थेत दहा रुपये घालणारा आणि हजार रुपये घालणारा यांना एकच मत. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने हे तत्त्व कायद्यात घातले आहे.

तुम्ही म्हणाल, खानदेशाला सहकार का नवा आहे? नवा नाही. फैजपूरचा मधुकर, चाळीसगावचा बेलगंगा, साक्री भागातील पांझरा-कान, हे साखर कारखाने सहकारी तत्त्वावरच उभे राहिले होते. ते तिन्ही अडचणीत आले आणि बंद पडले. परंतु त्या संस्थांचे मालक कोण होते? ऊस पिकविणारे शेतकरी. ऊस तोडणारा, मोळी वाहणारा, चरक्यावर रात्रपाळी करणारा हा तेथे नोकर होता, मतदार नव्हता. कायद्याने संचालक मंडळावर अनुसूचित जाती-जमातींसाठी एक जागा राखून ठेवली आहे. ती जागा मोलाची आहे; पण दुसऱ्याच्या घरातील एक खुर्ची आणि स्वतःचे घर यांत अंतर आहे. जळगाव स्टेशनाजवळची खानदेश मिल तर खाजगीच होती. पिढ्यान्‌पिढ्या तेथे घाम गाळणाऱ्यांना गिरणी बंद होताना कोणी मत विचारले नाही. आज त्या जागेवर बाजार उभा आहे.

कष्टकऱ्यालाच मालक करण्याचा प्रयत्न आपल्या भागात झालाच नाही असे मात्र नाही. 1947 च्या सुमारास, बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना, मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतही, त्या निघाल्या. जंगल ठेकेदाराला बाजूला सारून लाकूडतोडीचे काम थेट आदिवासी मजुरांच्या संस्थेला द्यावे, हा हेतू उत्तम होता. ठेकेदाराच्या पिळवणुकीतून त्यामुळे काही प्रमाणात सुटकाही झाली. परंतु पुष्कळ ठिकाणी वह्या लिहिणारे, लिलाव करणारे, अधिकाऱ्यांशी बोलणारे बाहेरचेच राहिले. कुऱ्हाड सभासदाच्या हातात आणि लेखणी दुसऱ्याच्या हातात, अशी स्थिती झाली. पुढे जंगलतोडीवर निर्बंध आले व कामच आटले, तेव्हा नवे काम शोधण्याचे कसब सभासदांत तयार झालेले नव्हते.

आता थोडे घरचे सांगतो. माझे वडील रस्त्यावर खडी फोडीत. ते वारल्यानंतर त्यांची पेटी उघडली, तेव्हा जुन्या कागदांत एका मजूर सहकारी संस्थेचा भागाचा दाखला सापडला. वडील त्या संस्थेचे सभासद होते, म्हणजे कायद्याने मालक होते. त्यांना ते मरेपर्यंत ठाऊक नव्हते. कोणी तरी एकदा अंगठा घेतला होता. मजूर संस्थांना सरकारी कामांत सवलत मिळते. ती सवलत घेण्यासाठी संस्था कागदावर मजुरांची आणि व्यवहारात एका ठेकेदाराची होती. संस्थेचा शिक्का व इतिवृत्ताची वही त्याच्या घरी असे. माझे वडील स्वतःच्या संस्थेच्या कामावर दुसऱ्याचे रोजंदार म्हणून खडी फोडीत राहिले. मी त्या माणसाला दोष देऊन थांबत नाही. वीस वर्षांत एकाही सभासदाने 'वही दाखवा' असे म्हटले नाही, हेही तितकेच खरे आहे. तो दाखला मी आजही जपून ठेवला आहे. मालकी असणे आणि मालक होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, याची तो मला आठवण देतो.

दुसरा अनुभव सरकारी योजनेचा. महाराष्ट्र शासनाने मागासवर्गीयांच्या औद्योगिक सहकारी संस्थांसाठी 2004 पासून एक योजना राबविली. तिच्यात सभासदांचा स्वतःचा हिस्सा 5 टक्के, शासनाचे भागभांडवल 35 टक्के, शासनाचे दीर्घ मुदतीचे कर्ज 35 टक्के आणि उरलेले 25 टक्के बँकेचे कर्ज, अशी मांडणी होती. हेतू चांगला होता. परंतु अनेक संस्था उत्पादनापर्यंत पोहोचल्याच नाहीत. याची कारणे अनेक असतील. एक मला स्पष्ट दिसते. जेथे शंभरातले पंचाण्णव रुपये बाहेरून येतात, तेथे सभेला येण्याची घाई सभासदाला नसते आणि त्याला बोलावण्याची घाई चालकाला नसते. आपण सरकारकडे भांडवल मागावे, तो आपला हक्क आहे. पण हक्काचे भांडवल सांभाळावयाचे असेल तर आधी सभा भरविता आली पाहिजे.

मग असे कोठे साधले आहे काय? साधले आहे, आणि आपल्यासारख्याच माणसांनी साधले आहे. त्यासाठी प्रथम केरळात जाऊ. तेथील उरळुंगल या गावी वाग्भटानंद नावाच्या सुधारकाने जातिभेदाविरुद्ध व कर्मकांडाविरुद्ध चळवळ चालविली होती. त्यांच्या मार्गाने जाणाऱ्या कष्टकऱ्यांना जमीनदारांनी काम देणे बंद केले. धर्मांतरानंतर ज्यांनी गावकीची कामे सोडली आणि त्यापायी भाकर गमावली, त्या आपल्या वाडवडिलांना हा बहिष्कार परिचित होता. तेथील 14 मजुरांनी 1925 साली स्वतःची संस्था काढली. भांडवल होते सहा आणे, म्हणजे आजचे 37 पैसे. आज ती संस्था हजारो कामगारांना काम देते, रस्ते व पूल बांधते. कोझिकोड येथे संगणक उद्योगासाठी तिने मोठे संकुल उभारले आहे.

हे कसे घडले? सभासद गुप्त मतदानाने आपल्यातूनच संचालक निवडतात. निवडून आलेला संचालक कामाची जागा सोडीत नाही. संचालक रोज एकत्र बसून त्या दिवसाच्या कामाचा आढावा घेतात. कोठे सिमेंट कमी पडले, कोठे माणसे जास्त झाली, हे त्याच दिवशी कळते. म्हणून काम वेळेवर होते, माल वाया जात नाही, आणि काम चांगले म्हणून पुढचे काम मिळते. पाहा, येथे लोकशाही ही धंद्यावर चढविलेली शोभा नाही. लोकशाही हेच त्यांचे धंद्याचे हत्यार आहे. ज्याच्या डोळ्यांदेखत नासाडी होते त्याला बोलण्याचा अधिकार असेल, आणि त्याचे बोलणे त्याच दिवशी ऐकले जात असेल, तर नासाडी थांबते. नोकराला ती दिसते, पण तो बोलत नाही. कारण नुकसान त्याचे नसते.

तुम्ही म्हणाल, केरळ दूर आहे आणि तेथील लोक शिकलेले आहेत. तर मग पुण्याला चला. तेथील कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांनी 1993 साली डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाखाली आपली पंचायत स्थापन केली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, बहुतेक दलित समाजातील, आणि अनेकींना अक्षरओळखही नव्हती. प्रथम त्यांनी ओळखपत्र मिळविले. नंतर 'स्वच्छ' ही स्वतःची सहकारी संस्था काढली आणि 2008 साली पुणे महानगरपालिकेशी घरोघरचा कचरा गोळा करण्याचा करार केला. आज तिचे सभासद 3,000 हून अधिक आहेत. घराघराकडून ठरलेले शुल्क घ्यावे, कागद-प्लॅस्टिक वेगळे करून विकावे, आणि ते उत्पन्न काम करणाऱ्या बाईच्या हाती जावे, अशी ही रीत आहे. संचालक मंडळात कचरा वेचणाऱ्यांचेच बहुमत असते. करार पुढे चालू ठेवण्याच्या वेळी त्यांना अनेकदा झगडावे लागले. परंतु त्या टिकल्या, कारण त्यांच्या मागे त्यांची संघटना उभी होती आणि कसब त्यांचे स्वतःचे होते. कोणते प्लॅस्टिक कोणत्या भावाने जाते, हे त्यांना कोणा साहेबाकडून शिकावे लागले नाही.

परदेशाचाही एक दाखला देतो. ज्या 1956 साली नागपुरात दीक्षेचा सोहळा झाला, त्याच वर्षी स्पेनमधील मोंद्रागॉन या लहान गावात पाच तरुणांनी एका धर्मोपदेशकाच्या प्रेरणेने कामगारांच्या मालकीचा कारखाना सुरू केला. त्यातून आज कितीतरी सहकारी संस्थांचा एक समूह झाला आहे. प्रत्येक कामगार-सभासदाला एक मत, आणि सर्वांत कमी व सर्वांत जास्त वेतन यांतील अंतराला मर्यादा, हे नियम त्यांनी पाळले. 2013 साली त्यांचा घरगुती यंत्रांचा सर्वांत जुना कारखाना दिवाळखोरीत गेला. तेव्हा बहिणीसारख्या असलेल्या इतर संस्थांनी त्यातील अनेक सभासदांना आपल्याकडे सामावून घेतले. संस्था एकटी असू नये, हा त्यातील बोध.

केवळ यशाच्या गोष्टी सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. मुंबईत कुर्ल्याचा कमानी ट्यूब्ज हा कारखाना मालकांच्या कारकिर्दीत बंद पडला होता. तेथील कामगार संघटनेने तो आम्हीच चालवितो अशी योजना मांडली. 1988 साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आणि कामगार त्या कारखान्याचे मालक झाले. देशभर त्याचे कौतुक झाले, सुरुवातीची वर्षे चांगली गेली. परंतु नव्वदच्या दशकात तो पुन्हा आजारी पडला. बाजार बदलत होता, खेळते भांडवल अपुरे होते. न्यायालय मालकी देऊ शकते, बाजारातील गिऱ्हाईक देऊ शकत नाही. जो असे म्हणेल की सभा नीट भरविली म्हणजे धंदा आपोआप चालतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. धंद्याला गिऱ्हाईक लागते, हिशेब लागतो, वेळेवर माल द्यावा लागतो. लोकशाहीचे काम एवढेच की यांतील उणीव लपून राहू नये.

सभा भरविणे आपल्याला जमेल काय, अशी शंका काहींना येईल. त्यांना मी सांगेन की तुम्ही स्वीकारलेल्या परंपरेत हे शास्त्र फार जुने आहे. 1949 च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की संसदेचे नियम भिक्षुसंघाला माहीत होते: बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, ठराव, गणसंख्या, मतमोजणी. विनयपिटकात याचे तपशील आहेत. महत्त्वाच्या विषयावर आधी ज्ञप्ति, म्हणजे प्रस्ताव, मांडावयाचा आणि मग तो तीनदा संघापुढे उच्चारावयाचा, म्हणजे कोणाला ऐकू आला नाही असे होऊ नये. मतभेद असेल तर शलाका, म्हणजे मताच्या कांड्या, वाटावयाच्या. त्या वाटणारा भिक्षु छंद, द्वेष, मोह आणि भय या चार दोषांपासून मुक्त असला पाहिजे. संघाच्या कोठाराचा सांभाळ करणाऱ्या भांडागारिकालाही हीच अट आहे; त्याशिवाय काय सांभाळले गेले आणि काय नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. खजिनदार कसा निवडावा, याचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. तो आपला मेहुणा आहे हा छंद झाला. दुसऱ्या वस्तीचा आहे म्हणून नको हा द्वेष झाला. तो फार गोड बोलतो हा मोह झाला. आणि तो रागावेल म्हणून त्यालाच राहू द्या हे भय झाले. आपल्या बहुतेक संस्था या चारांपैकी एकाने बुडाल्या आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावे? रावेर-यावलकडे केळीची कापणी व भराई करणाऱ्या टोळ्या आहेत. जळगावात डाळ गिरण्यांत हमाली करणारे आहेत. धुळ्यात, भुसावळात गवंडी, रंगारी, सफाई कामगार, शिवणकाम करणाऱ्या भगिनी आहेत. निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा माणसे एकत्र आली की संस्थेच्या नोंदणीचा अर्ज करता येतो. पण नोंदणीची घाई करू नका. आधी सहा महिने एकत्र काम करून पाहा. ज्या कामाचे कसब अंगात आहे तेच घ्या. परक्याचा टांगा हाकावयास बसू नका. प्रत्येकाने लहान का होईना, पण स्वतःच्या घामाचा भाग घाला.

दर पंधरवड्याला जमा-खर्च मोठ्याने वाचून दाखवा, आणि तीनदा वाचा. ज्याला अक्षरे येत नाहीत त्यालाही आकडे कळतात. बाजारात त्याला कोणी फसवू शकत नाही, मग स्वतःच्या संस्थेत का फसेल? वही, शिक्का आणि बँकेचे पुस्तक एकाच घरात ठेवू नका. निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा असे कायदाच सांगतो. तुम्ही त्याहून अधिक टाका, कारण आपल्याला उसने देणारा सावकार सोयरा नसतो. वर्षाची लेखापरीक्षा चुकवू नका. कामे आणणारा, भाव ठरविणारा माणूस हुशार हवा. त्याला कामात मोकळीक द्या, पण दर सभेत उत्तर द्यावयास लावा. मोकळीक न दिली तर धंदा बुडेल, उत्तर न घेतले तर संस्था बुडेल. आणि भगिनींना त्यांच्या स्वतःच्या नावाने सभासद करा. नवऱ्याच्या पाठीमागे सहीपुरते उभे करू नका. पुण्याच्या बायांनी काय करून दाखविले ते मी सांगितलेच आहे.

सभेत भांडणे होतील. होऊ द्या. भांडण सभेत झाले तर ते ठरावात संपते. सभेबाहेर झाले तर ते फुटीत संपते. हरलेल्या बाजूने बहुमताचा निर्णय पाळावा आणि जिंकलेल्या बाजूने हरलेल्याचे म्हणणे इतिवृत्तात लिहून ठेवावे. पुढच्या वर्षी कदाचित तोच बरोबर ठरेल.

बंधूंनो आणि भगिनींनो, चाळीसगावच्या त्या टांग्यात लगाम धरणाऱ्या माणसाचे नाव आपल्याला माहीत नाही. त्याने जिवाच्या आकांताने जे जमले ते केले. त्याला कोणी शिकविले नव्हते, ही त्याची चूक नव्हती. आज आपल्याला शिकण्यापासून कोणी अडवू शकत नाही. येथून घरी गेल्यावर एवढेच करा. तुमच्यापैकी जे कोणी एखाद्या सोसायटीचे, पतपेढीचे, मजूर संस्थेचे सभासद असतील, त्यांनी या महिन्यात जाऊन आपली वही पाहावयास मागा. तो तुमचा कायद्याने मिळालेला हक्क आहे. वही पाहणे हे मालक होण्याचे पहिले पाऊल आहे. माझ्या वडिलांना ते टाकता आले नाही. तुम्ही टाका.

जय भीम.